सुभेदारांची बिजली आणि तिच्या पोटातलं पेट्रोल

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. इंजिन खोलून पुन्हा बसवलं की एखादा नट, एखादा वायसर हमखास उरतो. तो कुठला, हे कुणालाच आठवत नाही आणि गाडी तर चालू झालेली असते! मग तो डब्यात जातो. वर्षभरात डबा काठोकाठ भरतो. किस्स्यांचंही तसंच होतं बघा. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि किस्सा आमच्याकडे उरतो. त्यातले निम्मेअधिक किस्से एकाच गाडीचे असावेत, हे मात्र जरा अतीच झालं!

उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला उस्मान मिस्त्रींची पत्र्याची शेड होती आणि मी तिथं फिटर होतो. दुसरी लढाई चालू होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही मोजूनमापून. प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींनी मागे भट्ट्या बांधल्या होत्या आणि त्या कोळशाच्या गॅसवर खोकत खोकत चालायच्या. पण आमच्या जवळच्या वाडीच्या सुभेदारांना भट्टी मंजूर नव्हती. "माजी गाडी हाय का हाटेलातली चूल?" असं ते म्हणायचे.

सुभेदार पहिल्या लढाईत पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. त्यांनी एका जहागीरदाराकडून कापडी हुडाची जुनी अमेरिकन मोटार घेतली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं बिजली. नाव अगदी योग्य होतं. ती एकदा चमकायची आणि नंतर अंधार!

बिजलीच्या इंजिनात खोट नव्हती. खोट होती पेट्रोल इंजिनापर्यंत पोचण्यात. टाकी ड्रायव्हरच्या गादीखाली, पंप नाहीच. पेट्रोल आपल्याच वजनानं नळीतून खाली उतरायचं. मनात आलं तर उतरायचं.

ती रस्त्यात थांबली की सुभेदार एकच वाक्य बोलायचे, "आता बास. इंजान काडतो आन बैल जुंपतो!"

तुम्हाला ही नुसती धमकी वाटेल. पण पेट्रोलच्या त्या टंचाईत कराडच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या मोटारीला खरोखरच बैल जुंपलेले आम्ही पाहिले होते. समोरची काच काढलेली, त्या फटीतून कासरा बाहेर आलेला आणि सीटवर बसून ड्रायव्हर "हैक, हैक" करतोय! ते बघून उस्मान मिस्त्री दिवसभर जेवले नाहीत.

आणि सगळ्यात जास्त हबकला होता तो बिजलीचा ड्रायव्हर गणपा. गणपाचा बाप बैलगाडी हाकायचा, आजाही तेच करायचा. घराण्यातला हा पहिला ड्रायव्हर. इस्लामपूरच्या सासऱ्यांनी, जमीन नाही, घर नाही, तरीही मुलगी दिली ती "जावई डायवर हाय" एवढ्यावर! बिजलीला बैल लागले की गणपा पुन्हा गाडीवान. त्यामुळे बिजली थांबली की आम्हाला दुरुस्तीची काळजी असायची आणि गणपाला अब्रूची.

*

पाटणकडच्या डोंगरातल्या एका गावात सुभेदारांच्या भाच्याचं लग्न होतं. नवरदेव बिजलीतून जाणार. मिस्त्री म्हणाले, "तूही जा बरोबर." मी गेलो.

गाव टेकडीवर आणि शेवटचा चढ असा उभा की बैलही तिरके चढायचे. टाकीत पेट्रोल कमी. आता हिशोब असा की चढावर गाडीचं नाक वर होतं, इंजिन टाकीपेक्षा उंच जातं आणि पेट्रोल काही वरच्या दिशेला वाहत नाही. बिजली निम्म्या चढावर गप्प झाली.

गणपानं उपाय केला. खाली येऊन गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये चढायला लागला. आता इंजिन खाली, टाकी वर. पेट्रोल धो धो! बिजली अशी चढली की बघत राहावं.

वर वेशीत वधूपक्ष आरत्या घेऊन उभा. ताशा कडाडतोय. आणि समोरून काय येतंय, तर गाडीचा मागचा भाग, त्यावर बांधलेली वळकटी आणि बाशिंग बांधलेल्या नवरदेवाची पाठ!

ताशा थांबला. नवरीची आजी तेवढी पुढं आली, डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं नीट पाहिलं आणि ओरडली, "आगं बया! ह्यो नवरा आलाय का परत निगालाय?"

सुभेदार गाडीतच उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर गरजले, "गणपा! बैल!"

*

खंबाटकीच्या घाटाखाली, खंडाळ्याच्या अलीकडची गोष्ट. सुभेदारांच्या शेजारी त्यांचे व्याही बसलेले. वयानं थोर, डोक्याला भला मोठा फेटा आणि माणूस असा मानी की त्यांना फेट्याशिवाय त्यांच्या पोरांनीही पाहिलं नव्हतं.

वाटेत कुणाकडून तरी मिळवलेलं डबाभर पेट्रोल टाकीत ओतायचं होतं, पण त्यात गंजाचा चुरा पोहत होता. एरवी आम्ही सांबराच्या कातड्यातून पेट्रोल गाळतो. ते कातडं शेडमध्येच राहिलेलं. धोतराचा सोगा जाडाभरडा, पेट्रोल त्यातून उतरेना.

व्याही म्हणाले, "माजा फेटा घ्या. मलमल हाय."

आम्ही सगळे थक्क! सुभेदारांना तर गहिवरूनच आलं. "पाव्हणं, ह्ये उपकार इसरणार न्हाई," म्हणाले. व्याह्यांनी झाडाआड जाऊन फेटा उतरवून दिला. आम्ही त्यातून सगळं पेट्रोल गाळलं, फेटा झटकला आणि अदबीनं परत केला. त्यांनी लगेच बांधलाही. उघड्या डोक्यानं राहायची सवय नव्हती ना.

मी नळी जोडत होतो, गणपा टोपण लावत होता. सहज मान वर केली तर व्याही धोंड्यावर निवांत बसलेत, एका हातात चिलीम, दुसऱ्या हातात चकमक!

मी नळी टाकून उठतोय न उठतोय. सुभेदार मात्र जुने शिपाई. एका उडीत तिथं पोचले आणि व्याह्यांचा फेटा हातानं खाली उडवला.

अरे, फेटा! साताऱ्याच्या मुलखात एका माणसानं दुसऱ्याच्या फेट्याला हात घालायचा म्हणजे काय? व्याही थरथरत उठले. "सुबेदार! सोयरीक केली ती ह्याच्यासाटी? माज्या फेट्याला हात?"

तोवर चकमकीची ठिणगी खाली पडली होती. धोंड्याशेजारी पडलेल्या फेट्यानं 'भप्प' करून पेट घेतला आणि पुरुषभर उंच जाळ झाला.

व्याही त्या जाळाकडं बघत होते. मग त्यांनी आपल्या उघड्या टकलावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाले, "हात लावला ते बरं केलंसा."

पुढं साताऱ्यापर्यंत मात्र त्यांनी उकाडा असूनही हूड खाली करू दिलं नाही.

*

कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचा एक पोकळ गोळा तरंगत असतो. वाटी भरली की गोळा वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. बिजलीच्या त्या गोळ्याला सांगलीच्या बाजारपेठेत भोक पडलं. आत पेट्रोल शिरलं, गोळा बुडाला आणि पेट्रोल रस्त्यावर वाहायला लागलं. हळदीचे व्यापारी दुकानांच्या फळ्या लावून पळाले!

मी बरोबर होतो. झाळायला कथील हवं, आणि कथील लढाईवर गेलेलं. सुभेदार म्हणाले, "सोनाराला दावू."

सोनार फार सज्जन. सुभेदारांचा मान ठेवायचा म्हणून त्यानं सगळी कामं बाजूला सारली आणि फुंकणी घेऊन बसला. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो. दुपार टळली तरी त्याचं आपलं चालूच. भोक बुजवायला एवढा वेळ? मला काही समजेना.

शेवटी त्यानं गोळा मखमलीच्या डबीत घालून आणला. झळाळत होता नुसता. सोनारानं भोक तर बुजवलं होतंच, पण "पत्रा फार पातळ वाटला" म्हणून सगळ्या गोळ्यावर वरून पितळेचा आणखी एक जाड थर चढवला होता!

"सुभेदारसाहेब," तो म्हणाला, "आता तुमच्या पणतवापर्यंत काळजी नाही."

मी गोळा पाण्याच्या तांब्यात सोडला. 'टुप' असा आवाज आला आणि तो तळाला जाऊन बसला.

सोनारानं तांब्यात डोकावून पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग जरा दुखावल्या सुरात म्हणाला, "पण फुटला तर नाही ना?"

*

त्याच कार्बोरेटरातली आणखी एक चीज म्हणजे जेट. सुईच्या अग्राएवढं भोक. त्यात कचरा अडकला की गाडी धक्के खात चालते. तारेनं कोरलं तर भोक मोठं होतं, म्हणून उस्मान मिस्त्री तिथं घोड्याच्या शेपटीचा केस वापरायचे. घरचा कायदाच होता तो.

बिजली धक्के खायला लागली ती नेमकी कराडच्या टांगास्टँडसमोर. घोडे भरपूर. पण टांगेवाले आमच्यावर दात खाऊन होते. मोटारींनी त्यांची गिऱ्हाइकं पळवलेली.

गणपा टोपी काढून एका टांगेवाल्यापुढं उभा राहिला. "मामा, शेपटीचा येक केस द्या की."

टांगेवाल्यानं आधी बिजलीकडं पाहिलं, मग गणपाकडं, मग आकाशाकडं. असं सुख त्याला जन्मात मिळालं नसावं. "घे की गड्या. पर इचार घोड्याला. शेपूट त्येचं हाय."

सगळा स्टँड गोळा झाला. गणपा घोड्याच्या मागं गेला, केस बोटाला गुंडाळला आणि हिसडा दिला. घोड्यानं लाथ मारली! गणपा खाली बसला म्हणून वाचला. लाथ बसली ती त्याच्या मागं उभ्या असलेल्या बिजलीच्या दिव्यावर. जर्मन काचेचा दिवा! त्याच्या जोडीचा दिवा लढाई संपेपर्यंत कुठं मिळायचा नव्हता. मी डोकं धरून तिथंच खाली बसलो.

केस मात्र गणपाच्या बोटात होता. जेट साफ झाला, बिजली सुरू झाली. निघताना टांगेवाला मोठ्या मायेनं म्हणाला, "येत जा रं! अजून लय केस हायती!"

सुभेदार त्या दिवशी चिडलेच नाहीत. घोड्याच्या मानेवर थाप मारून ते एवढंच म्हणाले, "जनावराचं ब्येस असतंय. अडलं तर लाथ मारतंय, पर चालतंय." ते ऐकून गणपाचा चेहरा पडला. ओरडणं परवडलं असतं.

*

डब्यातून टाकीत पेट्रोल घालायचं तर नळी तोंडात धरून ओढायची आणि पेट्रोल येताच तोंड बाजूला करायचं. सगळे ड्रायव्हर हेच करतात. त्या दिवशी गणपाला नेमकी नळी ओढताना शिंक आली. घोटभर पेट्रोल सरळ पोटात!

उस्मान मिस्त्रींनी त्याला आधी बोलणी ऐकवली, मग वैद्याकडं नेलं. वैद्यबुवांनी पेट्रोल प्यालेला माणूस पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी नाडी पाहिली, ढेकराचा वास घेतला आणि दोन पावलं मागं सरकून सांगितलं, "भात खा. आणि ढेकर येताहेत तोवर विस्तवाजवळ जाऊ नको."

हे शेवटचं वाक्य गणपाच्या काळजात जाऊन बसलं. बिडी बंद. चुलीपुढं जेवण बंद. घरात कंदील लावला की हा अंगणात.

आणि अशात इस्लामपूरहून सासऱ्यांचं बोलावणं आलं. दिवाळीचा पाडवा. मीही त्याच्याबरोबर गेलो, कारण एकटा जायला तो तयार नव्हता. दारात रांगोळी, पाट मांडलेला, शेजारच्या बायका 'डायवर जावई' बघायला जमलेल्या. गणपा पाटावर बसला. सासूबाई हसत हसत माजघरातून आल्या. हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. ओवाळायला त्या पुढं वाकल्या.

आणि गणपाला ढेकर आला!

तो पाटावरून जो उठला तो उंबरा, अंगण, गोठा सगळं ओलांडून थेट उसाच्या फडात! सासूबाई ताट धरून तशाच उभ्या. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

शेवटी सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांगा पावनं. आमची पोरगी नांदवायची हाय का न्हाई त्येला?"

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुभेदार एक दिवस शेडवर आले आणि म्हणाले, "आटपाडीकडं जनावरांच्या बाजाराला निगालोय. खिलारी जोडी बगायची हाय."

गणपा स्टिअरिंगवर बसला होता. जोडी कशासाठी, हे सगळ्यांना कळलं होतं. ज्या गाडीला बैल जुंपायचे, तीच गाडी चालवत गणपानं बैल आणायला जायचं! मला त्याच्याकडं बघवेना. मिस्त्रींनी मलाही बरोबर धाडलं. "निदान जाताना तरी बंद पडू देऊ नको," म्हणाले.

पडली. उजाड माळ, झाड म्हणून नाही आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन. बिजलीची नळी इंजिनाच्या इतक्या जवळून जायची की तापली की आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ पुढं पेट्रोल जाऊ द्यायची नाही. उपाय सोपा. नळीवर ओलं फडकं टाकायचं. पण पाणी कुठाय? आमचं प्यायचं पाणी रेडिएटरनं संपवलेलं.

लांब मेंढरं दिसली. सुभेदार आणि मी चालत गेलो. धनगराची म्हातारी मेंढरांच्या वाड्यापाशी बसली होती.

"पानी?" ती म्हणाली. "कोसावरनं आनते म्या. ते मेंढरांनाबी न्हाई देत. कुनाला पायजे?"

"गाडीला," सुभेदार म्हणाले.

म्हातारी आमच्याकडं बघत राहिली. उन्हानं माणसं भ्रमतात हे तिला ठाऊक असावं. मग तिला दया आली. "ताक हाय. मडक्यातलं. चालंल का तुमच्या गाडीला?"

चाललं! फडक्यावर गार ताक ओतलं, नळीतून 'चर्रर्र' झालं, माळभर आंबट वास सुटला. म्हातारी मडकं घेऊन स्वतःच आली होती. ती ओततेय, सुभेदार फडकं धरून उभे, मी बॉनेट उचलून धरलेलं. तेवढ्यात बाजाराला निघालेली चार-पाच माणसं वाटेनं आली. त्यांनी हे दृश्य पाहिलं, पायताणं काढून ठेवली आणि बिजलीला हात जोडले!

बिजली सुरू झाली. सुभेदारांच्या घशाला केव्हाची कोरड पडलेली. ते म्हातारीला म्हणाले, "बाय, आता मलाबी घोटभर दे."

म्हातारीनं मडकं उलटं करून दाखवलं. "संपलं की समदं. पेली न्हवं तुमची बाय!"

सुभेदारांनी त्या दिवशी बाजारात जोडी घेतलीच. पांढरीशुभ्र, उंच शिंगांची. वाडीच्या सुताराला जू करायलाही सांगितलं.

*

आणि आता दसऱ्याचं सांगतो.

त्या दसऱ्याला सुभेदारांनी गावाच्या सीमोल्लंघनाचा मान बिजलीला द्यायचा ठरवलं. गाव वाजतगाजत शिवेपर्यंत जाणार, तिथं आपट्याची पूजा, सोनं लुटून परत. सगळ्यात पुढं बिजली. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी मिस्त्री आणि मी वाडीवर जाऊन तिचा नट न् नट तपासला. नळी, जेट, गोळा, सगळं पाण्यासारखं स्वच्छ. टाकी भरलेली, कारण सुभेदारांनी महिन्याची कुपनं राखून ठेवली होती.

दसऱ्याला आम्ही पुन्हा गेलो. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं होतं. गणपाची बायको होती आणि मुद्दाम बोलावलेले सासरेही होते. बाजूला ती खिलारी जोडी, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, आणि शेजारी नवंकोरं जू.

सुभेदार पारावर चढले. "आईका समदी! आज बिजली शिवेपतुर जाऊन परत आली तर बैलाचं नाव काडणार न्हाई. पर थांबली, तर ज्येच्या चुकीनं थांबली त्येनं तिला बैल जुंपायचं आन ह्या गावातनं समद्यांदेकत पायी हाकत आनायचं. कोन का असंना! ह्यो माजा शबुद."

सगळ्यांनी गणपाकडं पाहिलं. गणपानं स्टिअरिंगला नमस्कार केला आणि बसला.

बिजली निघाली. काय सांगू, इतकी सुरेख ती कधीच चालली नव्हती! आणि शीव दिसायला लागली तशी तिनं दोन आचके दिले आणि थांबली.

ढोल थांबले. गणपानं घाईघाईनं गादी उचलून टाकीचं टोपण काढलं, काडी घालून पाहिलं. पेट्रोल भरपूर! टोपण लावलं, हँडल मारलं, बिजली लगेच सुरू. सुभेदार म्हणाले, "सनाचा दिस हाय. ह्ये मोजत न्हाई."

शीव ओलांडली, सोनं लुटलं, परत फिरलो. आणि गाव हाकेवर आलं असताना बिजली पुन्हा थांबली.

"आता मोजलं," सुभेदार म्हणाले. त्यांनी हात केला. मागून बैल आले.

गणपा खाली उतरला. त्याचा चेहरा मला बघवेना. सासरे मान खाली घालून उभे होते आणि बायकोनं पदर तोंडात धरला होता. काल नट न् नट तपासलेली गाडी! माझं डोकंच चालेनासं झालं. उस्मान मिस्त्री मात्र गाडीत चढले, गादी उचलली, कान टाकीजवळ नेला आणि टोपण फिरवलं.

टाकीनं 'सूऽऽ' करून श्वास घेतला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

टाकीच्या टोपणाला वर एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. हवा आली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही, धरून ठेवते. मिस्त्रींनी टोपण उन्हात धरलं. त्यावर बोटभर जाड शेंदूर आणि तेल थापलेलं. भोक पार बुजलेलं. टोपण काढलं की हवा आत जायची, लावलं की पुन्हा कोंडमारा.

"ह्ये कुणी केलं?" सुभेदार गरजले. "गणपा!"

"म्या न्हाई सायेब," गणपा म्हणाला. "आईची आन. कालची पूजा म्या नव्हती केली."

"मग कुणी..." म्हणता म्हणता सुभेदार थांबले.

खंडेनवमीच्या दुपारी, आम्ही गेल्यावर (हे मागाहून कळलं), त्यांनी स्वतः तलवारीची पूजा केली होती, मेडलांची केली होती आणि मग बिजलीची. गादी उचलून घरच्या पोरांना विचारलं होतं, "हिचं तोंड कंचं? निवद तोंडापाशी दावत्यात." आणि तोंडाला मनापासून शेंदूर लावला होता. त्यांच्या उजव्या अंगठ्याला तो अजूनही होता. त्यांनी अंगठ्याकडं पाहिलं. सगळ्या गावानं पाहिलं.

मिस्त्री मोठे धोरणी. त्यांनी झटक्यात टाचणीनं भोक मोकळं केलं, टोपण लावलं आणि म्हणाले, "सुभेदारसाब, काही नाही, झालं बघा! गणपा, मार हँडल." गणपानं हँडल मारलं. बिजली अशी सुरू झाली की जणू काही घडलंच नाही.

"बंद कर," सुभेदार म्हणाले.

गणपानं बंद केली.

"बस आत. स्टेरिंग धर."

त्यांनी स्वतः जू उचललं, बिजलीच्या पुढच्या दांड्याला दोर बांधला, बैल जुंपले. पाटील पुढं धावले. "आवं सुबेदार, सनासुदीचं ह्ये काय? ऱ्हाऊ द्या की!" सुभेदारांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कासरा हातात घेतला, छातीवरची मेडलं सारखी केली आणि बैलांबरोबर चालायला लागले.

गाव नुसतं दगडासारखं उभं होतं. हातातलं सोनं हातातच राहिलं. पहिल्या लढाईतला सुभेदार, पायी बैल हाकतोय. मागं बंद मोटारीत गणपा एकटा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, घामानं डबडबलेला. मी आणि मिस्त्री बाजूनं चाललो होतो.

मारुतीजवळ वळण आहे. अरुंद बोळ, समोरचं दिसत नाही. तिथं आलं की गणपाचा हात आपोआप हॉर्नवर जायचा. तो गेला.

"पोंऽ पोंऽ!"

गणपाचा हात रबरी फुग्यावर तसाच राहिला आणि डोळे पांढरे झाले.

सुभेदारांनी मागं वळून पाहिलं नाही. बैल डावीकडं घेतले आणि, गाडीवानानं मोटारीला द्यावी तशी, हात हलवून मागच्या गाडीला पुढं जायची वाट दिली.